मूकपटातले वल्हेकरी इतके घाईत का दिसतात?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ऑक्सफर्ड-केंब्रिज होडीशर्यतीचं एखादं मूक चित्रण पाहायला घेतलं, की आधी हसूच येतं. आठ धडधाकट तरुण सुटल्यासारखे पुढे-मागे झुलतायत, वल्ही सपासप पाण्यात पडतायत, काठावरची टोपीवाली गर्दी तुरुतुरु पळतेय. त्या पोरांनी खरोखर या गतीने वल्ही मारली असती, तर पहिल्या मैलातच त्यांच्या तोंडाला फेस आला असता. घाई त्यांची नाही, फितीची आहे.

आता ही घाई नेमकी किती, हा प्रश्न बहुतेक जुन्या चित्रणांबाबत अंदाजावर सोडावा लागतो. रस्त्यावरून चालणारा माणूस 1905 साली किती भराभर चालत होता, ते आज कोण सांगणार? वल्हेकऱ्यांचं मात्र तसं नाही. त्यांच्या चित्रणात एक घड्याळ चालू असतं आणि ते वाचता आलं, तर फीत मूळ कोणत्या वेगाने काढली गेली हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिला लागतं काय, तर चौथीपर्यंतचं गणित आणि थोडी चिकाटी.

आधी हा खेळ समजून घेऊ. पुण्यात संगमाजवळ सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, पाहिलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: साधारण 18 मीटर लांब, अतिशय अरुंद होडी, तिच्यात एकामागे एक आठ जण, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत मिळून एकच लांब वल्हं, एकाचं डावीकडे, तर पुढच्याचं उजवीकडे. सगळ्यांची पाठ होडी जाते त्या दिशेला. नववा माणूस म्हणजे कॉक्स. तो किंवा ती पुढे तोंड करून सुकाणू सांभाळते आणि ओरडते. बसायच्या पाटाला चाकं असतात, त्यामुळे पाय दुमडून पुढे सरकायचं, वल्हं पाण्यात टाकायचं, पायांनी रेटत मागे यायचं, वल्हं उचलून हवेतून परत न्यायचं. झाला एक स्ट्रोक. सरकता पाट ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत 1873 साली आला, म्हणजे सिनेमा जन्मायच्या आधीच आजचा ठेका बऱ्यापैकी बसलेला होता.

मिनिटाला किती स्ट्रोक, यावर या खेळाची सगळी चर्चा चालते. सुरुवातीला चाळिसाच्या आसपास, मधल्या लांब टप्प्यात पस्तीस-छत्तीस किंवा त्याहून कमी, शेवटी पुन्हा चढ. व्हिक्टोरियन काळातले इंग्रजी वार्ताहर हातात घड्याळ घेऊन हे आकडे मोजत आणि छापत. कुठल्या पुलापाशी कोण किती मारत होतं, याची नोंद बातमीत असे. क्रिकेटचा धावफलक जितक्या भक्तिभावाने छापला जाई, तितक्याच भक्तिभावाने. आपलं घड्याळ ते हेच.

पहिलं चित्रण झालं 30 मार्च 1895 रोजी. त्यामागची गोष्ट जरा उद्योगी माणसांची आहे. एडिसनचं किनेटोस्कोप नावाचं यंत्र तेव्हा नवं होतं. ती एक उभी लाकडी पेटी. वरच्या भिंगाला डोळा लावायचा आणि आत फिरणारी फीत एकट्याने पाहायची. लंडनमध्ये ऑक्टोबर 1894 मध्ये त्याचं दालन उघडलं. एडिसनने ब्रिटनमध्ये पेटंट घेतलंच नव्हतं. हॅटन गार्डनमधला विद्युत उपकरणं बनवणारा रॉबर्ट पॉल याच्याकडे दोन ग्रीक व्यापारी आले आणि म्हणाले, याची नक्कल करून द्या. पॉलने चौकशी केली, पेटंट नाही म्हणून कळलं आणि नकला बनवू लागला. पेट्या झाल्या, पण आत घालायला फिती कुठून आणायच्या? एडिसनची मंडळी आपल्या फिती नकली पेट्यांना द्यायला तयार नव्हती. मग कॅमेराच बनवणं भाग होतं. त्यासाठी पॉलला बार्नेटचा छायाचित्रकार बर्ट एकर्स भेटला. दोघांनी मिळून कॅमेरा तयार केला, एकर्सने आपल्या राहत्या घरासमोर चाचणी घेतली आणि मार्च संपायच्या आत तो टेम्सच्या काठावर हजर झाला.

होडीशर्यतच का? एडिसनचा कॅमेरा अवजड होता, विजेच्या मोटारीवर चालायचा आणि न्यू जर्सीतल्या स्टुडिओतून सहसा बाहेर पडायचा नाही. नर्तक, पहिलवान, कसरतपटू त्याच्यासमोर आणून उभे करावे लागत. एकर्सचा कॅमेरा हाताने फिरवायचा होता आणि उचलून नेता येत होता. तिवईवर तो डावी-उजवीकडे वळवता मात्र येत नव्हता. पॉलने वळणारी तिवई केली ती 1897 साली, राणीच्या हीरक महोत्सवाच्या मिरवणुकीसाठी. म्हणजे 1895 साली हवं होतं असं दृश्य, जे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाटेने, भर उजेडात, कॅमेऱ्यासमोरून आपणहून जाईल. पटनी ते मॉर्टलेकची शर्यत या सगळ्यात बसत होती. शिवाय ती फुकट पाहायला हजारो लोक जमत, त्यामुळे गिऱ्हाईक तयार होतं.

अडचण होती लांबीची. किनेटोस्कोपमध्ये फीत सेकंदाला सुमारे 40 चित्रांच्या वेगाने पळायची आणि पेटीत मावायची ती फार तर 50 फूट. एका फुटात 16 चित्रं, म्हणजे 800 चित्रं, म्हणजे सगळे मिळून 20 सेकंद. त्या दिवशी ऑक्सफर्डने शर्यत 20 मिनिटं 50 सेकंदांत जिंकली, सव्वादोन होड्यांच्या अंतराने. साडेबासष्टावा हिस्सा काय तो पेटीत मावणार! पण हिशोब करून पाहा. अंतर 4 मैल 374 यार्ड, म्हणजे सुमारे 6.8 किलोमीटर, सरासरी वेग सेकंदाला 5.4 मीटर. सव्वादोन होड्या म्हणजे चाळीसेक मीटर, ते कापायला साडेसात सेकंद. ऑपरेटरने हँडल वेळेवर फिरवायला घेतलं, तर स्थिर कॅमेऱ्यासमोरून दोन्ही होड्या जाऊन वर काही सेकंद शिल्लक राहतात. घोड्यांच्या शर्यतीपेक्षा हे बरंच सुखाचं काम. तीही त्याच कॅमेऱ्याने मे महिन्यात डर्बीला टिपलीच. त्या उन्हाळ्यात पॉलने आपल्या पेट्या अर्ल्स कोर्टच्या ‘एम्पायर ऑफ इंडिया’ प्रदर्शनात मांडल्या आणि तोवर त्याचं आणि एकर्सचं फिसकटलंही होतं. श्रेय कोणाचं यावरून दोघं पुढे आयुष्यभर भांडले.

आता मुख्य मुद्दा, वेगाचा. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फीत सलग सरकत नाही. ती थांबते, झडप उघडते, एक चित्र उमटतं, झडप मिटते, फीत एक घर पुढे सरकते, पुन्हा थांबते. शिलाई मशीनमध्ये सुई वर असताना कापड पुढे सरकतं आणि सुई खाली असताना थांबतं, तसंच. मशीन हाताने चालवलं तर टाके कसे पडतील हे हातावर अवलंबून. मूकपटाच्या काळात पुढे जो रिवाज पडला तो हँडल सेकंदाला दोनदा फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणून सेकंदाला 16. पण हा रिवाज, नियम नव्हे. कुणी 14 वर चालवी, कुणी 20 वर. फिल्म महाग, तेव्हा कंजूष मालकाचा ऑपरेटर हळू फिरवी. दाखवणाराही हातानेच यंत्र फिरवत असे आणि रात्रीचा एखादा खेळ जास्त बसवायचा असेल तर हात चालवी.

बोलपट आल्यावर, 1920 च्या दशकाच्या शेवटी, वेग 24 वर कायमचा ठरला, कारण त्याहून हळू फितीवर आवाज नीट उमटेना. त्यानंतर जुन्या फिती नव्या यंत्रांवर चढल्या. सेकंदाला 16 ने काढलेलं दृश्य 24 ने दाखवलं की सगळं दीडपट वेगाने होतं. मिनिटाला 36 स्ट्रोक मारणारी होडी 54 मारताना दिसते. घाईचं मूळ हे. उलट एकर्सच्या काळातली, सेकंदाला 40 ने काढलेली फीत कुणी भाबडेपणाने 16 ने दाखवली, तर तेच 36 चे जेमतेम 14 होतात आणि शर्यतीऐवजी वल्हेकरी झोपेत हातवारे करतायत असं वाटतं. ‘जुने सिनेमे नेहमी फास्ट असतात’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

मग मोजायचं कसं? संगणकावर चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवायचं. कोणत्याही एका वल्हेकऱ्याचं वल्हं पाण्याला टेकलं ती फ्रेम लिहून ठेवायची, पुढच्या वेळी टेकलं ती लिहायची आणि मधल्या फ्रेम मोजायच्या. समजा 27 निघाल्या. बातमीत त्या टप्प्यावर मिनिटाला 36 स्ट्रोक असं लिहिलंय. 27 गुणिले 36 भागिले 60, उत्तर 16.2. कॅमेरा सेकंदाला 16 चित्रांनी चालत होता. एका स्ट्रोकवर विसंबू नये, आठ-दहा स्ट्रोकांची सरासरी घ्यावी. गंमत अशी, की आठ माणसांचा सराव झालेला संघ ठेक्याला फार पक्का असतो. त्यामुळे स्ट्रोकमागे कधी 25, कधी 29 असे आकडे यायला लागले, तर बहुधा डळमळतोय तो संघ नव्हे, कॅमेरा फिरवणाऱ्याचा हात.

एक सावधगिरी. पूर्वी कधीतरी कुणी ही फीत ‘सुधारली’ असेल, तर दर दुसरी फ्रेम दोनदा छापून 16 चे 24 केलेले असतात. अशा वेळी एकसारख्या जुळ्या फ्रेम ओळखून एकच धरायची. वल्ही अडखळत चालल्यासारखी दिसली की असं काही झालंय असं समजावं.

कोणी म्हणेल, बातमीतला आकडाच चुकीचा असेल तर? रास्त शंका आहे. वार्ताहर मागून येणाऱ्या वाफेच्या बोटीत असायचा, गर्दीत, थंडीत, आणि बहुधा एका संघाचा जुना विद्यार्थीही असायचा. म्हणून दुसरी घड्याळं लावून पाहायची. पाणी हे एक. वल्ह्यावरून उडालेला थेंब 30 सेंटिमीटर खाली पडायला पाव सेकंद घेतो, 1895 मध्येही आणि आजही. सेकंदाला 16 चित्रं असतील तर तो चार फ्रेममध्ये पडला पाहिजे. जुन्या धुरकट चित्रात थेंब शोधणं कठीण, पण जोरात उडालेला फवारा दिसतो. होडीची लांबी हे आणखी एक. कॅमेरा काठावर स्थिर असेल आणि मध्ये पुलाचा खांब किंवा नांगरलेली बोट असेल, तर होडीचं नाक तिथे पोचल्यापासून शेपूट जाईपर्यंत किती फ्रेम लागल्या ते पाहायचं. 18 मीटरची होडी सेकंदाला 5.4 मीटरने गेली तर सव्वातीन सेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ, म्हणजे 16 च्या वेगात 53 फ्रेम. यात भरतीचं पाणी गृहीत आहे, कारण टेम्सवरची ही शर्यत भरतीच्या लाटेबरोबर वरच्या दिशेला धावते. तीन घड्याळांनी जवळजवळ एकच वेळ दाखवली, तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

याहून सुंदर गोष्ट दोन होड्या एकाच चौकटीत असतात तेव्हा घडते. समजा फितीचा वेग अजिबात माहीत नाही. तरी एका होडीचे 19 स्ट्रोक होतात तेवढ्याच फ्रेममध्ये दुसरीचे 18 होतात, एवढं मोजता येतंच. हे प्रमाण फीत कितीही वेगाने पळवा, बदलत नाही. 38 विरुद्ध 36 अशी नोंद बातमीत पहिल्या मैलाला असेल, तर चित्रण कुठल्या टप्प्यावरचं आहे याचाही धागा मिळतो. मोजणीत होडी एकटीच आली आणि सगळ्या खुणा जोडूनही ठेका तिशीच्या आत निघाला, तर बहुधा ती शर्यत नसून सराव आहे. कॅमेरावाल्यांना सराव टिपणं सोपं जायचं, आणि नंतर डब्यावर ‘शर्यत’ अशी चिठ्ठी चिकटवणं त्याहून सोपं.

स्थिर फ्रेमही बरंच बोलते. 16 च्या वेगात झडप साधारण सेकंदाच्या बत्तिसाव्या भागापुरती उघडी राहते. कॅमेरा काठावर असेल तर पाण्यात रुतलेलं वल्ह्याचं पातं जमिनीच्या हिशोबाने जवळजवळ जागच्या जागी असतं. होडी त्याला रेटा देऊन पुढे जाते. ते स्पष्ट उमटतं. हवेतून पुढे जाणारं पातं मात्र होडीचा वेग आणि स्वतःचा वेग असे दोन्ही मिळवून सेकंदाला दहा मीटरच्या आसपास धावतं, आणि त्या बत्तिसाव्या भागात फूटभर सरकून नुसता फराटा उरतो. कॅमेरा बरोबरीने धावणाऱ्या बोटीवर असेल तर होडी स्पष्ट, पाण्यातलं पातं आणि हवेतलं पातं दोन्ही सारखीच पुसट. पार्श्वभूमीत नुसतं धुकं असलं तरी कॅमेरा कुठे होता ते पात्यांवरून कळतं.

रंगांनी मात्र बरीच फसगत होते. ऑक्सफर्ड गडद निळं, केंब्रिज फिकट निळं. अमेरिकेत येल निळं आणि हार्वर्ड किरमिजी. त्या काळच्या फिल्मला निळा प्रकाश भलताच लवकर कळे आणि लाल जवळपास कळतच नसे. म्हणून आकाश पांढरंफटक येतं, केंब्रिजचा फिकट निळा पांढऱ्यात जमा होतो, आणि हार्वर्डचा किरमिजी कोळशासारखा काळा. काळ्या पात्याची होडी दिसली म्हणून ती ‘गडद निळी’ ऑक्सफर्डची, असं छातीठोकपणे म्हणणाऱ्याला आधी नदी कोणती ते विचारावं.

नदी अमेरिकेतली असेल तर आपलं नशीब चांगलं, आणि त्याचं कारण अगदीच कारकुनी आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात 1912 पर्यंत चलच्चित्र हा प्रकारच नव्हता. म्हणून कंपन्या आपली फीत, चित्रामागून चित्र, लांबच लांब फोटोकागदाच्या पट्टीवर छापून ‘छायाचित्रं’ म्हणून सरकारदरबारी जमा करत. मूळ फिती नायट्रेट या ज्वालाग्राही पदार्थाच्या; त्या पेटल्या, चिकट झाल्या, भुकटी होऊन गेल्या. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतं, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. कागद मात्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तळघरात पडून राहिला. सुमारे 3000 चित्रपट असे वाचले आणि 1950 च्या दशकात त्यांची एकेक फ्रेम पुन्हा फिल्मवर उतरवायचं काम झालं. हडसन नदीवर पोकिप्सी इथे 1895 पासून आंतरविद्यापीठ शर्यत होत असे, चार मैलांची. काठाने प्रेक्षकांना घेऊन एक आगगाडीच होड्यांबरोबर धावायची. बायोग्राफ कंपनीने 1904 च्या शर्यतीचं केलेलं चित्रण या कागदी साठ्यात आहे. अशा प्रतींचं चित्र खरबरीत असतं, पण मोजणीला फ्रेम पुरतात. बायोग्राफच्या फितींची आणखी एक खोड लक्षात ठेवावी लागते: त्यांचे सुरुवातीचे कॅमेरे रुंद फितीवर, सेकंदाला 30 किंवा त्याहून जास्त चित्रं घेत. तिथे 16 चं गृहीतक लावलं की सगळं गणित कोसळतं.

हे गणित आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या चित्रणांना लावता येईल का? हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून 1899 मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली. डिसेंबर 1901 मध्ये त्यांनी रँग्लर परांजपे यांचं मुंबईतलं स्वागत टिपलं. परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे. तिथल्या बोट क्लबच्या भडक लाल कोटावरूनच ‘ब्लेझर’ आला असं सांगतात. फाळक्यांचा 1912 सालचा विल्यमसन कॅमेराही इंग्लंडचाच आणि हँडलचाच. या सगळ्यांना वेगाचा प्रश्न तोच, पण कुस्तीला ठेका नसतो आणि हारतुऱ्यांच्या गर्दीला तर नाहीच. तिथे उडी, पडणं, उधळलेली फुलं अशी गुरुत्वाकर्षणाची घड्याळं शोधावी लागतात आणि उत्तर ढोबळच मिळतं.

शेवटी एक अलीकडची भानगड. हल्ली जुनी चित्रणं कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘सेकंदाला 60 फ्रेम’ करून, रंगवून टाकलेली दिसतात. दिसायला ती लोण्यासारखी मऊ. पण दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या फ्रेम प्रोग्रॅमने अंदाजाने रचलेल्या असतात. माणसाच्या चेहऱ्यावर तो अंदाज खपतो. वल्ह्याचं पातं मात्र एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत फूट-दोन फूट उडी घेतं, आणि प्रोग्रॅमला ते तेच पातं आहे हे उमजत नाही. मग वल्हं मध्येच वाकतं, विरघळतं, दोनाची तीन होतात. रंगाचंही तेच: राखाडी छटेवरून किरमिजी की निळा हे यंत्राला कळायला मार्ग नाही, तरी ते बिनदिक्कत रंगवतं. अशा प्रतीवर स्ट्रोकचा ठेका अजूनही मोजता येतो, कारण वल्हं पाण्याला टेकण्याचे क्षण खऱ्या फ्रेममधून आलेले असतात. पण कोण कसं वल्हवत होतं, पातं किती खोल गेलं, पाठ किती ताठ होती, संघाचा रंग कोणता, हे ठरवायचं असेल तर संग्रहालयाची न सुधारलेली, धुळकट, तुटकी प्रतच मागावी.